शनिवार ते मंगळवार

(पडद्यावर : वेम्बलीचं मैदान, वरून. प्रेक्षकांचा आवाज हळूहळू वाढतो.)

११ मे २०१३, शनिवार. लंडनचं वेम्बली. लीगहून वेगळ्या, हरला तो बाद अशा स्पर्धेचा, म्हणजे एफए कपचा अंतिम सामना. नव्वद मिनिटं होत आलीत आणि गोलफलक अजून शून्य-शून्यच आहे.

एका बाजूला मँचेस्टर सिटी, आदल्या वर्षीचे लीग विजेते. पैशाला तोटा नाही, नावांना तोटा नाही. दुसऱ्या बाजूला विगन अ‍ॅथलेटिक. रग्बीवेड्या गावातला फुटबॉल क्लब. १९३२ सालचा जन्म, पण इंग्लंडच्या फुटबॉल लीगचं दार उघडलं ते थेट १९७८ मध्ये. मोठा म्हणावा असा एकही करंडक कपाटात नाही.

सिटीचा झाबालेटा लाल कार्ड बघून बाहेर गेलाय. विगनला कॉर्नर मिळतो. शॉन मलोनी चेंडू आत टाकतो आणि बेन वॉटसन जवळच्या खांबापाशी उडी घेऊन डोकं लावतो.

एक-शून्य.

हा वॉटसन दहाच मिनिटांपूर्वी बदली खेळाडू म्हणून मैदानात आलेला. नोव्हेंबरात त्याचा पाय मोडला होता. आणि विगनचे मालक डेव्ह व्हीलन? ते स्वतः एकेकाळचे खेळाडू. १९६० च्या एफए कप अंतिम सामन्यात, जुन्या वेम्बलीवर, ब्लॅकबर्नकडून खेळताना त्यांचाही पाय मोडला होता. ५३ वर्षांनंतर त्या दिवशी संघाला मैदानावर घेऊन आले ते व्हीलनच. गोष्टीत कुणी असं लिहिलं असतं, तर संपादकानं लाल पेन उचललं असतं.

(पडद्यावर : करंडक, निळे-पांढरे स्कार्फ. मग अचानक शांतता.)

१४ मे २०१३, मंगळवार. पुन्हा लंडनच, पण आता आर्सेनलचं मैदान. इंग्लंडच्या वरच्या लीगमध्ये, म्हणजे प्रीमिअर लीगमध्ये, टिकायचं असेल तर जिंकायलाच हवं. मध्यंतराला एक-एक. फ्री किकवर बरोबरी साधणाराही मलोनीच. दुसऱ्या अर्धात आर्सेनलनं आणखी तीन गोल केले आणि विषय संपला. चार-एक. आठ वर्षं प्रीमिअर लीगमध्ये तग धरून राहिलेलं विगन खालच्या लीगमध्ये गेलं. हंगामअखेर ३६ गुण, अठरावा क्रमांक. शतकाहून जुन्या एफए कपच्या इतिहासात हा करंडक जिंकून त्याच हंगामात खाली घसरलेला पहिला क्लब.

शनिवारी करंडक, मंगळवारी घसरण. आणि त्यानंतर गावातून विजयाची मिरवणूक. उघड्या बसच्या टपावर करंडक घेऊन उभे होते ते आता दुसऱ्या दर्जाच्या लीगमधले खेळाडू. रस्त्यावर हजारो माणसं. ही माणसं रडत होती की नाचत होती, ते चित्रफितीवरून सांगणं अवघड आहे. मला वाटतं, त्यांनाही सांगता आलं नसतं.

फुटबॉलचे चाहते एकमेकांना एक प्रश्न हमखास विचारतात. खाली घसरायचं, पण करंडक मिळणार. की करंडक नाही, पण टिकून राहायचं? काय घेशील?

ज्यांनी कधी रेलिगेशन, म्हणजे ही घसरण, अनुभवलं नाही, ते पटकन म्हणतात, करंडक! ज्यांनी अनुभवलंय ते आधी जरा थांबतात.

(पडद्यावर : गुणतक्ता. तळाच्या तीन ओळी लाल.)

ते का थांबतात, ते समजून घेऊ. इंग्लंडमध्ये वरच्या लीगमध्ये वीस संघ. दरवर्षी तळाचे तीन खाली जातात, खालचे तीन वर येतात. कागदावर एवढंच. पण खाली जाणं म्हणजे दूरचित्रवाणीचा पैसा आटणं. तो एकदम आटू नये म्हणून क्लबला काही वर्षं ‘पॅराशूट’ रक्कम मिळते, साधारणपणे तीन वर्षं, दरवर्षी आधीपेक्षा कमी. नावच बोलकं आहे. पॅराशूटनं माणूस हळू उतरतो, पण उतरतोच. एफए कपच्या अंतिम सामन्याच्या विजेत्याला अलीकडे वीस लाख पौंड मिळतात. प्रीमिअर लीगमध्ये तळाला राहिलेल्या संघालासुद्धा दूरचित्रवाणीच्या वाट्यातून त्याच्या कितीतरी पट मिळतात. हिशेबनीसाला विचाराल, तर तो करंडकाकडे ढुंकूनही बघणार नाही.

चांगले खेळाडू विकले जातात. उरलेल्यांच्या करारात बहुतेक वेळा पगारकपातीचं कलम असतंच. आणि कार्यालयातली, तिकीट खिडकीवरची, मैदानाची निगा राखणारी माणसं, ज्यांनी एकही पेनल्टी चुकवलेली नसते, त्यातल्या काहींची नोकरी जाते. हा प्रश्न चाहत्यांना विचारतात. या माणसांना कुणी विचारत नाही.

(पडद्यावर : बर्मिंगहॅम, निळा समुदाय.)

आता बर्मिंगहॅम सिटीकडे येऊ. २७ फेब्रुवारी २०११, इंग्लंडच्या दुसऱ्या बाद-स्पर्धेचा, लीग कपचा अंतिम सामना, समोर आर्सेनल. ८९ वं मिनिट, एक-एक. आर्सेनलचा बचावपटू कोसिएल्नी आणि गोलरक्षक श्चेन्स्नी, दोघं एकाच चेंडूवर गेले आणि दोघांच्याही हातून तो निसटला. समोर ओबाफेमी मार्टिन्स उभा होता आणि गोल मोकळा होता. असा गोल तुम्हीआम्हीही मारला असता. १९६३ नंतरचा बर्मिंगहॅमचा पहिला मोठा करंडक.

इथं फरक बघा. विगनला हादरा बसला तीन दिवसांत. बर्मिंगहॅमला लागले तीन महिने. करंडक फेब्रुवारीत आला, आणि त्यानंतर प्रत्येक शनिवारी संघ थोडा थोडा खचत गेला. २२ मे रोजी, हंगामाच्या शेवटच्या दिवशी, टॉटनहॅमकडून हार आणि बर्मिंगहॅम खाली. जखमेवर मीठ म्हणजे प्रशिक्षक अ‍ॅलेक्स मॅकलीश काही आठवड्यांतच त्याच शहरातल्या कट्टर वैऱ्यांकडे, अ‍ॅस्टन व्हिलाकडे, जाऊन बसले.

पण करंडकानं मागे एक गोष्ट ठेवली होती : युरोपभरच्या क्लबांच्या स्पर्धेचं, युरोपा लीगचं तिकीट. पुढच्या हंगामात दुसऱ्या दर्जाच्या लीगमधला हा क्लब युरोपात खेळला. बेल्जियममध्ये क्लब ब्रुगविरुद्ध सामना एक-एक असताना एका खेळाडूच्या गंभीर दुखापतीमुळे भरपाईचा वेळ लांबतच गेला, आणि त्याच लांबलेल्या वेळेत, घड्याळात शंभर मिनिटं होत असताना, क्रिस वुडनं गोल केला. दोन-एक. गटात दहा गुण मिळवूनही ते बाद झाले, त्या वर्षी साठाहून अधिक सामने खेळून दमले आणि वर येण्याची संधी प्लेऑफमध्ये हुकली. निव्वळ हिशेब मांडला तर सगळं तोट्याचंच. पण ब्रुगमध्ये प्रेक्षकांत उभ्या असलेल्या माणसापुढे हा हिशेब मांडायचं धाडस मी करणार नाही.

(पडद्यावर : जर्मनी, १९९६. दाणेदार जुनी चित्रफीत.)

क्रम उलटा झाला तर?

१८ मे १९९६. कायझर्सलाउटर्न, लेव्हरकुसेनच्या मैदानावर. दोघांवरही टांगती तलवार, शेवटचा सामना. कायझर्सलाउटर्न एक-शून्यनं पुढे होतं, ८२ व्या मिनिटाला बरोबरी झाली आणि ते जर्मनीच्या वरच्या लीगमधून, बुंडेसलीगामधून, बाहेर पडले. सामन्यानंतरचं दृश्य जर्मनीत कुणी विसरलेलं नाही : आंद्रेआस ब्रेहमे, ज्यानं १९९० मध्ये विश्वचषक अंतिम सामन्यातला एकमेव गोल केला, तो ढसाढसा रडतोय. आणि डोकं कुणाच्या खांद्यावर? रुडी फेलरच्या. विश्वचषकातला जुना जोडीदार, आणि त्या दिवशीचा प्रतिस्पर्धी.

एका आठवड्यानं, २५ मे रोजी, बर्लिनमध्ये जर्मन चषकाचा अंतिम सामना. कायझर्सलाउटर्ननं कार्ल्सरूहला एक-शून्यनं हरवलं. म्हणजे इथं मयताचा स्वयंपाक आधी आणि लग्न नंतर. आधी घसरण भोगून झालेली असल्यामुळे त्या करंडकाला उद्याची भीती नव्हती. मला हा क्रम विगनच्या क्रमापेक्षा जास्त सोसवणारा वाटतो.

पुढचं तर कुणी स्वप्नातही पाहिलं नसेल. १९९७ मध्ये ते वर आले, आणि ऑटो रेहागल यांच्या हाताखाली १९९८ मध्ये थेट बुंडेसलीगा जिंकले. नुकताच वर आलेला संघ विजेता! मात्र या उदाहरणावर फार विसंबू नका. असं होत नसतं. तोच क्लब २०१८ मध्ये तिसऱ्या दर्जाच्या लीगमध्ये घसरला.

इंग्लंडच्या नॉरिच सिटीला तर करंडकामागून येणारं युरोपही मिळालं नाही. १९८५ मध्ये त्यांनी सुंदरलँडला हरवून लीग कप जिंकला, आणि हंगाम संपला तेव्हा विजेते आणि उपविजेते दोघेही घसरले होते. नॉरिच फक्त एका गुणानं. त्यांचे सामने संपले होते, कोव्हेंट्रीचे उरले होते, आणि कोव्हेंट्रीनं ते जिंकले. निदान पहिल्यांदाच युरोपात तरी खेळू, एवढी आशा होती. मग ब्रसेल्सच्या हेसेल मैदानावर इंग्लिश प्रेक्षकांच्या हल्ल्यातून दुर्घटना झाली. ३९ माणसं गेली, इंग्लिश क्लबांवर युरोपबंदी आली, आणि त्यापुढे नॉरिचचं दुःख मोजायला जागाच राहिली नाही.

(पडद्यावर : मिडल्सब्रो, १९९७.)

करंडक विरुद्ध घसरण, असा तराजू आपण धरतो तेव्हा तिसरी शक्यता विसरतो. दोन्हीकडून रिकामे हात. मिडल्सब्रोला विचारा. १९९६-९७ चा हंगाम. संघात जुनिन्यो, रावानेली अशी मोठी नावं आहेत. डिसेंबरात आजारपण आणि दुखापतींचं कारण देऊन क्लबनं ब्लॅकबर्नविरुद्धच्या सामन्याला संघच पाठवला नाही. शिक्षा, तीन गुण वजा. लीग कपचा अंतिम सामना फेरसामन्यात लेस्टरकडून हरले. लीगमधून घसरले, ते तीन गुण हातात असते तर वाचले असते. आणि त्यानंतर सहा दिवसांनी एफए कपचा अंतिम सामना. चेल्सीच्या दी मात्तेओनं पहिल्या मिनिटातच गोल केला. दोन-शून्य. दोनदा वेम्बलीला गेले, परत आले ते काहीच न घेता. हा पर्याय समोर ठेवून मग तोच प्रश्न विचारा. विगनची तक्रार जरा हलकी वाटू लागते.

(पडद्यावर : पोर्ट्समथचं जुनं मैदान.)

मात्र एक गोष्ट मला अडवते, आणि ती पोर्ट्समथची.

२००८ मध्ये पोर्ट्समथनं एफए कप जिंकला. कार्डिफविरुद्ध, गोल कानूचा. संघ भारी होता, कारण पगार भारी होते, आणि ते पगार क्लबच्या कुवतीबाहेरचे होते. दोन वर्षांत दिवाळं वाजलं. प्रीमिअर लीगमध्ये असताना प्रशासकाच्या ताब्यात गेलेला पहिला क्लब. नऊ गुण कापले, २०१० मध्ये घसरण. गंमत म्हणजे त्याच वर्षी ते पुन्हा एफए कपच्या अंतिम सामन्यात होते. मग २०१२ मध्ये आणखी एक पायरी खाली, २०१३ मध्ये आणखी एक. पाच वर्षांपूर्वीचा एफए कप विजेता चौथ्या दर्जाच्या लीगमध्ये.

इथं करंडक आणि घसरण एकाच खर्चातून आली. करंडक उधारीवर आणलेला, आणि वसुली झाली ती चाहत्यांकडून. अक्षरशः. २०१३ मध्ये चाहत्यांच्या संस्थेनं स्वतःचे पैसे घालून क्लब विकत घेतला आणि वाचवला. तिथून त्यांनी हळूहळू वर चढायला सुरुवात केली. २०१७ मध्ये चौथ्या दर्जाचं विजेतेपद, २०२४ मध्ये तिसऱ्या.

तेव्हा माझं मत सांगायचं तर असं : करंडक घ्यावा. घसरण पुसता येते, वर आलं की पुसली जाते. जिंकलेला दिवस कुणी परत घेऊ शकत नाही, निकालपत्रातून तो खोडता येत नाही. पण हे मत विगनसाठी, बर्मिंगहॅमसाठी. ज्यांना असा दिवस पिढीत एकदा येतो, त्यांच्यासाठी. पोर्ट्समथसारखं कुणाच्या तरी नोकरीवर आणि देणेकऱ्यांच्या पैशावर तो दिवस विकत आणलेला असेल, तर माझी जीभ अडखळते.

आणि मोठ्या क्लबांचं? २०२५ मध्ये टॉटनहॅम लीगमध्ये सतरावे आले, घसरणीच्या रेषेच्या अगदी वर. २२ सामने हरले. त्याच मे महिन्यात बिल्बाओमध्ये मँचेस्टर युनायटेडला हरवून युरोपा लीग जिंकली, १७ वर्षांनी करंडक. पंधरा-सोळा दिवसांत प्रशिक्षक पोस्तेकोग्लूंना नारळ. चाहत्यांमध्ये आजही दोन तट आहेत. एका तटाला बिल्बाओची रात्र आठवते, दुसऱ्याला ते २२ पराभव.

(पडद्यावर : विगन, फेब्रुवारी २०१८. दिव्यांच्या प्रकाशातलं मैदान.)

शेवटी पुन्हा विगन. घसरल्यावरच्या हंगामात ते युरोपात गेले, रशियातल्या कझानपर्यंत प्रवास केला, गटात तळाला राहिले. २०१४ मध्ये एफए कपच्या उपांत्यपूर्व फेरीत समोर आली मँचेस्टर सिटी. सिटीच्याच मैदानावर विगन दोन-एक. मग २०१५ मध्ये क्लब तिसऱ्या दर्जात घसरला. वर आला, पुन्हा घसरला. २०१८ च्या फेब्रुवारीत पाचव्या फेरीत समोर कोण? प्रशिक्षक गार्डिओलांची सिटी. त्या हंगामात लीगमध्ये १०० गुण मिळवणारी. ७९ व्या मिनिटाला विल ग्रिग एकटाच चेंडू घेऊन पुढे निघाला आणि त्यानं तो कोपऱ्यात सरकवला.

एक-शून्य. पहिल्यांदा पहिल्या दर्जातून, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. विगन एकेक पायरी उतरत गेलं, सिटीला हरवायची सवय काही सुटली नाही.

(पडद्यावर : शिट्टी वाजते. प्रेक्षक मैदानात धावत सुटतात.)