एकवीस शब्दांचा हिशेब

(दृश्य: संगणकाचा पडदा. एका दस्तऐवजातील बदलांचा इतिहास शेवटाकडून सुरुवातीकडे सरकतो आहे.)

हा लेख उलटा चालला आहे. ८४० शब्दांचा पूर्ण झालेला मजकूर डोळ्यांदेखत आटत जातो, उपशीर्षके गळून पडतात, एक अख्खा परिच्छेद खालून उठून वर जातो आणि पुन्हा खाली येतो, आणि अखेरीस कोऱ्या पानावर क्लायंटने पाठवलेली एकच ओळ उरते: ‘डोकेदुखी घरगुती उपाय, ८०० शब्द, परवा सकाळपर्यंत.’ ऑनलाइन दस्तऐवजात प्रत्येक फेरफार वेळेसह नोंदला जात असल्यामुळे ती ओळ आणि तयार लेख यांच्या दरम्यान काय घडले, हे असे मागे जाऊन पाहता येते. एकूण सव्वानऊ तासांच्या या नोंदीत प्रत्यक्ष टाइप करण्याचा वेळ तीन तासांहूनही कमी आहे. उरलेल्या वेळात पडद्यावर काहीच हलत नाही.

(दृश्य: कीबोर्डवरचे हात. शेजारी उघडी वही, पेन्सिलीने आखलेले रकाने.)

कोणाच्याही नोकरीत न राहता संकेतस्थळांसाठी मजकूर लिहून देणाऱ्या या लेखिकेचा चेहरा आम्ही दाखवत नाही. त्यांच्या बहुतेक करारांत गोपनीयतेचे कलम असते. त्यांनी लिहिलेले लेख कधी कंपनीच्या, तर कधी कंपनीच्या प्रमुखाच्या नावाने प्रसिद्ध होतात; कधी त्यांवर कोणाचेच नाव नसते, नुसतेच प्रसिद्ध होतात. या व्यवसायात त्याला घोस्ट रायटिंग म्हणतात आणि त्यात वावगे काही मानले जात नाही. आमच्या छायाचित्रकाराला मात्र त्यापायी हातांवर आणि वहीवर समाधान मानावे लागले. त्या वहीत चार रकाने आहेत: ‘विचारले’, ‘वाचले’, ‘लिहिले’ आणि ‘आले’. चौथा रकाना पैशांचा.

(दृश्य: ब्रीफचा जवळून घेतलेला चित्रभाग. एका शब्दसमूहाखाली पिवळी रेघ.)

क्लायंट कामाची जी मागणी लिहून पाठवतो तिला ब्रीफ म्हणतात. चांगल्या ब्रीफमध्ये वाचक कोण, त्याला आधीपासून काय ठाऊक आहे, लेख वाचून त्याने काय करणे अपेक्षित आहे, कोणते दावे करायचे नाहीत आणि माहिती कोठून घ्यायची, एवढे तरी असावे लागते. आपल्यासमोरच्या ब्रीफमध्ये यांपैकी काहीही नाही. तेथे आहे तो एक की-वर्ड, म्हणजे गूगलसारख्या शोधयंत्रात लोक टाइप करतात तो शब्दसमूह, आणि तो सहा वेळा, जसाच्या तसा, आला पाहिजे अशी ताकीद.

आता हा की-वर्ड मराठीत काय गोंधळ घालतो ते पाहण्यासारखे आहे. शोधणारा माणूस घाईत ‘डोकेदुखी घरगुती उपाय’ असे तीन सुटे शब्द टाइप करतो, परंतु वाक्यात यायचे तर मराठीला विभक्ती हवी, शब्दयोगी अव्यय हवे. ‘डोकेदुखीवर’ उपाय असतो, ‘डोकेदुखी’ उपाय नसतो. की-वर्ड अक्षरशः पाळायचा तर ‘आज आपण डोकेदुखी घरगुती उपाय पाहणार आहोत’ अशी लंगडी वाक्ये सहा वेळा लिहावी लागतील, आणि अशी वाक्ये आपण सर्वांनी वाचलेली आहेत. लेखिकेने क्लायंटला दोन ओळींचे पत्र लिहून ‘डोकेदुखीवर घरगुती उपाय’ या रूपाची परवानगी मागितली. शोधयंत्रे आता शब्दांची निरनिराळी रूपे बऱ्यापैकी जुळवून घेतात, हेही त्यांनी त्या पत्रात नोंदवले. परवानगी चार तासांनी आली. वहीतल्या ‘विचारले’ या रकान्यात एक टिंब पडले.

(दृश्य: पडद्यावर एकामागून एक उघडत जाणारी पाने. लेखिका एका पानावर थांबतात, मागे जातात, पुन्हा थांबतात.)

डोकेदुखी हा विषय सोपा वाटतो, कारण ती सर्वांना होते. परंतु ज्या मजकुरावर विसंबून वाचक स्वतःच्या शरीराबद्दल किंवा पैशाबद्दल निर्णय घेईल, त्याला शोधनिकालांचा दर्जा पाहणाऱ्या गूगलच्या गुणवत्ता-तपासनीसांसाठीच्या मार्गदर्शक सूचनांत स्वतंत्र वर्ग दिलेला आहे आणि तेथे विश्वासार्हतेची कसोटी अधिक कडक आहे. डिसेंबर २०२२ मध्ये याच सूचनांत तज्ज्ञता, अधिकार आणि विश्वासार्हता या तीन निकषांच्या जोडीला लिहिणाऱ्याचा प्रत्यक्ष अनुभव हा चौथा निकष आला. मात्र हे निकष ब्रीफ लिहिणाऱ्यांपर्यंत अजून पुरते झिरपलेले दिसत नाहीत.

लेखिका येथे एका गोष्टीपाशी अडल्या आहेत. डोके दुखते म्हणून माणूस गोळी घेतो, आणि गोळ्या फार वारंवार घेतल्या तर त्यांच्यामुळेही डोके दुखू लागते, असे त्यांनी कोठेतरी वाचले होते. परंतु ‘फार वारंवार’ म्हणजे किती, हे त्यांना हवे होते. तीन संकेतस्थळांवर तीन आकडे मिळाले आणि त्यांतले एकही संकेतस्थळ आपला आकडा कोठून आला ते सांगत नव्हते. म्हणून त्या डोकेदुखीच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणापर्यंत गेल्या. तेथे साध्या वेदनाशामकांसाठी महिन्यातले १५ दिवस आणि काही विशिष्ट किंवा मिश्र औषधांसाठी १० दिवस अशी वेगवेगळी मर्यादा आढळली, म्हणजे आकड्यांचा घोळ कशामुळे झाला तेही कळले. या वाचनाला दोन तास लागले. त्यातून लेखात उतरले ते हे वाक्य:

‘सलग तीन महिन्यांहून अधिक काळ, दर महिन्याला १५ किंवा त्याहून जास्त दिवस साधी वेदनाशामके घेत राहिल्यास त्या गोळ्यांमुळेच डोकेदुखी जडू शकते.’

(दृश्य: वाक्य पडद्यावर स्थिर. शब्दागणिक सरकणारा आकडा.)

एकवीस शब्द. या व्यवसायात मोबदला बहुधा शब्दावर ठरतो, त्यामुळे दोन तासांची किंमत एकवीस शब्दांइतकी झाली. त्यातही ‘गोळ्यांमुळेच’ हा हिशेबात एकच शब्द धरला जातो, कारण मराठीत ‘मुळे’ आणि ‘च’ हे नामाला चिकटून येतात. इंग्रजीत हाच आशय सांगायला तीन-चार सुटे शब्द लागले असते आणि तेवढ्यांचे पैसे मिळाले असते. इंग्रजीसाठी बेतलेली मोजपट्टी दुसऱ्या भाषेला लावताना हा फरक कोणी लक्षात घेत नाही. आम्हीही लेखिकेने बोट ठेवेपर्यंत घेतला नव्हता.

(दृश्य: रेखाटन. वर्षे आणि नावे पडद्यावरून सरकतात.)

शब्दाच्या हिशेबाने लिहिणे वेबच्या आधीपासून आहे, ओळीमागे पैसे घेणारे वार्ताहर एकोणिसाव्या शतकातही होते. वेबने त्याला बाजारपेठ दिली. १९९९ मध्ये ईलान्स आणि २००३ मध्ये ओडेस्क ही मुक्त व्यावसायिकांना कामे मिळवून देणारी संकेतस्थळे सुरू झाली, पुढे दोन्ही एकत्र झाली आणि २०१५ पासून त्यांना अपवर्क हे नाव मिळाले; २०१० मध्ये आलेल्या फाइव्हरवर सुरुवातीला प्रत्येक काम पाच डॉलरला विकले जाई आणि नावही त्यावरूनच पडले. याच काळात लोक काय शोधतात याची आकडेवारी पाहून त्यावर झटपट लेख पाडून घेणाऱ्या कंपन्यांची भरभराट झाली. त्यांना कंटेंट फार्म म्हटले गेले. फेब्रुवारी २०११ मध्ये गूगलने शोधनिकालांच्या क्रमवारीत पांडा या नावाने ओळखला जाणारा बदल केला, अमेरिकेतील सुमारे १२ टक्के शोधांचे निकाल हलले आणि त्या शेतांचे पीक बसले. तेथे लिहिणाऱ्या अनेक मुक्त लेखकांची कामेही त्याबरोबर गेली.

(दृश्य: दुसरी खोली. लांब टेबल, छापील नमुन्यांचे दोन गठ्ठे, हातात लाल पेन.)

टेबलाच्या पलीकडच्या बाजूलाही जायला हवे. आरोग्यविषयक संकेतस्थळाच्या या संपादक एका लेखकाच्या शोधात आहेत आणि त्यांच्याकडे ११८ अर्ज आले आहेत. छापून घेण्याची सवय जुनी असल्यामुळे आमच्या कॅमेऱ्याला हा गठ्ठा मिळाला, ही आमच्यावर कृपाच म्हणायची. त्या पहिला नमुना उचलतात, पहिली ओळ वाचतात आणि तिच्यावर काट मारतात: ‘आजच्या धावपळीच्या जीवनात’. दुसरा नमुना: ‘आजच्या धावपळीच्या युगात’. सातव्या नमुन्यापाशी त्या हसतात आणि पेन खाली ठेवतात. ही ओळ खोडली तरी लेखातून काहीच वजा होत नाही, आणि ज्याला हे स्वतः दिसत नाही त्याच्या पुढच्या ओळीही बहुधा अशाच निघतात, असा त्यांचा अनुभव आहे.

त्यानंतर त्या उपशीर्षके वाचतात, मजकूर नव्हे. संकेतस्थळांच्या वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी १९९७ साली मांडलेल्या निरीक्षणानुसार ७९ टक्के लोक नव्या पानावर केवळ नजर फिरवतात आणि शब्दन् शब्द वाचणारे १६ टक्केच निघाले होते. संपादकांच्या मते तेव्हापासून माणसाची नजर काही संथ झालेली नाही. उपशीर्षकांवरूनच लेखाचा सांगाडा कळत नसेल तर तो नमुना डावीकडच्या, मोठ्या गठ्ठ्यात जातो.

उजवीकडे नऊ नमुने उरले. या नऊ जणांना संपादक ३०० शब्दांचे एक काम देतात आणि त्याचे पैसे देतात. फुकट चाचणी मागणे त्यांना मान्य नाही. चाचणी म्हणून दहा जणांकडून दहा लेख घ्यायचे, कोणालाच काम द्यायचे नाही आणि लेख मात्र वापरायचे, असे करणारेही याच बाजारात आहेत. या चाचणीचे ब्रीफ त्या मुद्दाम अर्धवट ठेवतात. नऊपैकी सहा जणांनी वेळेआधी लेख पाठवला, दोघांनी काहीच कळवले नाही आणि एकाने लेखाऐवजी प्रश्न पाठवला: ‘हे वाचणारा माणूस स्वतः आजारी आहे, की घरातल्या आजारी माणसासाठी वाचतो आहे?’ संपादकांनी तो प्रश्न आम्हाला दोनदा वाचून दाखवला. त्या अर्जदाराचा नमुना लेख नऊ जणांत सर्वांत सफाईदार नव्हता, त्यात शुद्धलेखनाच्या चुकाही होत्या. काम त्यालाच मिळाले.

(दृश्य: पुन्हा पहिली खोली. ईमेल उघडलेले. पडद्याचा प्रकाश वहीवर.)

डोकेदुखीचा लेख पाठवल्यावर जे उत्तर आले त्यात लेखाबद्दल एक अक्षरही नव्हते. क्लायंटने तो मजकूर एका तपासणी-साधनात घातला होता आणि साधनाने तो बव्हंशी यंत्राने लिहिलेला असल्याचा निर्वाळा दिला होता. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी खुले झाल्यापासून असा संशय या व्यवसायात नित्याचा झाला आहे, आणि तो सर्वस्वी निराधार असतो असेही नाही. प्रश्न साधनाचा आहे. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयनेच जानेवारी २०२३ मध्ये यंत्रलिखित मजकूर ओळखणारे साधन आणले होते; त्यांच्याच चाचणीत त्याने यंत्रलिखित मजकुरापैकी फक्त २६ टक्के मजकूर अचूक हेरला आणि माणसांनी लिहिलेल्यापैकी ९ टक्के मजकुरावर यंत्राचा शिक्का मारला. अचूकता कमी असल्याचे सांगून त्याच वर्षी जुलैमध्ये ते मागे घेण्यात आले. इतर साधने चालूच राहिली.

लेखिकेने उत्तरादाखल वाद घातला नाही. आरंभी आपण पाहिलेला तो उलटा चालणारा इतिहास त्यांनी क्लायंटसाठी खुला केला. त्यात चुकलेला आकडा आहे, तो खोडलेला आहे, दोन तासांची स्तब्धता आहे आणि त्यानंतर एकवीस शब्दांचे वाक्य तीन वेगवेगळ्या रचनांत आलेले आहे. आता त्या प्रत्येक काम याच पद्धतीने लिहितात, जेणेकरून मसुदा हाच पुरावा व्हावा. लेखनाच्या वेळेत या सावधगिरीची भर पडली आहे.

लेख स्वीकारला गेला. पैसे ठरल्या तारखेनंतर सात आठवड्यांनी आले.

(दृश्य: वही. ‘आले’ हा रकाना, त्यातल्या मोकळ्या चौकटी. कॅमेरा थांबतो.)

किती फेरदुरुस्त्या दरात धरलेल्या आहेत, मजकुराचे हक्क कोणत्या क्षणी हस्तांतरित होतात, काम मध्येच रद्द झाले तर काय, आणि पैसे किती दिवसांत, या चार गोष्टी आधी लिहून घेतल्या तर असे प्रसंग कमी होतात. न्यूयॉर्क शहरात मुक्त व्यावसायिकांसाठी मे २०१७ पासून लागू असलेल्या कायद्याने ८०० डॉलर किंवा त्याहून मोठ्या कामासाठी लेखी करार आणि मुदत ठरलेली नसल्यास काम पूर्ण झाल्यापासून ३० दिवसांत मोबदला बंधनकारक केला आहे.

(दृश्य: नवे, कोरे पान. वर एक ओळ.)

चित्रीकरणाच्या शेवटच्या दिवशी नवे ब्रीफ आले: ‘झोप न येणे कारणे, १००० शब्द.’ लेखिकेने वहीत नवी ओळ आखली आणि टाइप करण्याआधी क्लायंटला प्रश्न पाठवला: ‘हा लेख बहुतेक जण रात्री दोन वाजता, अंथरुणात पडल्या पडल्या मोबाईलवर वाचतील, असे धरून लिहू का?’

उत्तर दुसऱ्या दिवशी दुपारी आले. ‘हो, बरोबर. मग ६०० शब्द पुरेत.’