रूळ ओलांडण्याआधी पलीकडची जागा पाहा

मंडळी, रेल्वे फाटकाबद्दल प्रत्येक नव्या चालकाला एक गोष्ट हमखास सांगितली जाते: थांबा, दोन्ही बाजूंना पाहा, मग जा. ते बरोबरच आहे, पण त्याच्याही आधी एक प्रश्न यायला हवा असं मला कळकळीने वाटतं. रुळांच्या पलीकडे माझं अख्खं वाहन मावेल एवढी जागा या क्षणी मोकळी आहे का? नसेल, तर आगगाडी येते आहे की नाही हे पाहण्याचंही कारण उरत नाही. अलीकडेच थांबायचं. मागचा हॉर्न वाजवत राहिला तरी.

अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या फॉक्स रिव्हर ग्रोव्ह इथे २५ ऑक्टोबर १९९५ च्या सकाळी एक शाळेची बस रूळ ओलांडून पुढच्या लाल सिग्नलला थांबली. पुढून पाहिलं तर बस रुळांच्या पार गेली होती. पण रूळ आणि सिग्नल यांच्यामधली जागा बसच्या लांबीपेक्षा कमी पडत होती आणि बसची मागची बाजू आगगाडीच्या वाटेत राहिली होती. सात विद्यार्थी दगावले. चाकं रुळांपलीकडे गेली म्हणजे आपण सुटलो, असं म्हणूनच समजायचं नाही. आगगाडीच्या डब्याची रुंदी दोन रुळांमधल्या अंतराच्या जवळपास दुप्पट असते. डबा दोन्ही बाजूंना रुळांच्या बराच बाहेर येतो, आणि तुमच्या वाहनाची शेपटी त्याच्याही पलीकडे गेलेली असावी लागते.

आता वेळेचं बघू. इंग्लंडमध्ये हिक्सन इथे ६ जानेवारी १९६८ रोजी १२० टनांचा ट्रान्सफॉर्मर लादलेलं एक अजस्र वाहन फाटक ओलांडत होतं. त्याचा वेग माणसाच्या चालण्यापेक्षाही कमी होता आणि पूर्ण पार व्हायला त्याला सुमारे एक मिनिट लागणार होतं. स्वयंचलित फाटकाची धोक्याची सूचना सुरू झाल्यापासून आगगाडी पोहोचेपर्यंतचा अवधी होता २४ सेकंद. वाहन मधोमध असतानाच एक्स्प्रेस येऊन धडकली, अकरा माणसं गेली. फाटकाजवळ सिग्नलमनला फोन करायची सोय होती. तो फोन झाला नाही. ट्रेलर, क्रेन, ऊस किंवा लोखंड लादलेली वाहनं चालवणाऱ्यांनी हा हिशेब मनात पक्का करावा: मला पार व्हायला किती सेकंद लागतात? वाहनाचं पोट जमिनीपासून खाली असेल, तर रुळांच्या उंचवट्यावर ते टेकून अडकेल का, हेही आधीच उतरून बघावं.

आगगाडी दूर दिसते आहे, तेवढ्यात निघून जाऊ, हा मोह सगळ्यांत घातक. आपले डोळे इथे फसतात. मानसशास्त्रज्ञ हर्शेल लीबोविट्झ यांनी १९८५ मध्ये लक्ष वेधलं की आकाराने मोठी वस्तू आपल्याला तिच्या खऱ्या वेगापेक्षा हळू येताना भासते. विमान उतरताना पाहा, ते आकाशात रेंगाळल्यासारखं वाटतं. शिवाय आगगाडी जवळजवळ समोरासमोर येताना दिसते, त्यामुळे बराच वेळ ती फक्त एक ठिपका असते आणि अगदी शेवटी एकदम मोठी होते. ताशी १०० किलोमीटरने येणारी गाडी सेकंदाला जवळपास २८ मीटर कापते. पोलादी चाक पोलादी रुळावर, त्यामुळे घर्षण कमी. या वेगातल्या गाडीला तातडीचा ब्रेक लावला तरी थांबायला किलोमीटरच्या आसपास अंतर जातं, भरलेल्या मालगाडीला त्याहून जास्त. लोको पायलटला तुम्ही दिसता तेव्हा त्याच्या हातात फारसं काही उरलेलं नसतं. ही खंत त्या माणसांना आयुष्यभर पुरते, तिचाही विचार करा.

एक गाडी गेली की लगेच निघू नका. दोन मार्ग असतील तर गेलेल्या गाडीच्या आड दुसरी येत असू शकते. दिवे लुकलुकत असेपर्यंत, दांडा पूर्ण वर जाईपर्यंत थांबा. काचा खाली, गाणी बंद. रुळांवर गिअर बदलू नका. योग्य गिअर अलीकडेच टाकून एका दमात पार व्हा.

आणि तरीही वाहन रुळांवर बंद पडलं तर? सगळ्यांनी ताबडतोब उतरायचं. सामान घेत बसायचं नाही. रुळांपासून दूर जायचं, पण गाडी ज्या दिशेने येणार त्याच दिशेला तिरकं. ऐकायला उलटं वाटतं, पण धडकेनंतर वाहनाचे तुकडे गाडीच्या पुढच्या दिशेने फेकले जातात. दूर गेल्यावर गेटमनला किंवा तिथे लिहिलेल्या नंबरवर कळवायचं. वाहन चालू आहे, पण दोन दांड्यांच्या मध्ये सापडलात, तर दांडा मोडून बाहेर पडा. दांडा पुन्हा बसवता येतो.

ट्रामचं गणित वेगळं आहे, कारण ती तुमच्याच रस्त्यावर चालते. ती वळून चुकवू शकत नाही, आणि कचकन ब्रेक मारला तर आतले उभे प्रवासी कोसळतात. सर्वांत जास्त सांभाळायचं ते रुळांवरून आडवं वळताना. आपलं लक्ष समोरच्या वाहनांवर असतं आणि ट्राम मागून, फारसा आवाज न करता, आपल्या बाजूने येते. आरसा पुरेसा नाही, मान वळवून पाहा. वळणावर ट्रामची मागची बाजू बाहेर झेपावते, म्हणून तिच्या शेजारी चिकटून थांबू नका. थांब्यावर प्रवासी थेट रस्त्यावर उतरत असतील तर त्यांच्या मागेच थांबून राहा.

दुचाकीवाल्यांसाठी ट्रामचा रूळ स्वतःच धोका आहे. चाक खाचेत अडकतं, आणि पावसात ओलं पोलाद साबणासारखं निसटतं. वेग आधीच कमी करा, रूळ शक्य तितका काटकोनात ओलांडा, आणि चाक रुळावर असताना ब्रेक दाबू नका, गाडी कलती करू नका. रस्ता आणि रूळ तिरके छेदत असतील, तर मागे कोणी नाही हे पाहून जरा बाजूला सरका आणि चाक सरळ करून मगच पार व्हा.