मुलांचा फोन: बघायचं किती, वाचायचं किती

नमस्कार श्रोतेहो.

क्लास लांब, मुलगी रात्री आठला परतणार, म्हणून घरात तिच्यासाठी फोन येतो. आठवडाभरात आईबाबांना घोर लागतो, की यावर लक्ष ठेवायचं कसं? मग सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी एका ॲपची लिंक टाकतं. ‘तुमच्या मुलांना कळणारही नाही’ अशी त्याची जाहिरात असते. आज या न कळण्याबद्दलच बोलायचंय.

पॅरेंटल कंट्रोलच्या नावाखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. गूगलचं फॅमिली लिंक घ्या. मूल कुठल्या ॲपवर किती वेळ होतं, ते पालकांना दिसतं. नवं ॲप घ्यायचं तर पालकांची परवानगी लागते, ठरल्या वेळी रात्री फोन बंद होतो, फोन कुठे आहे ते नकाशावर कळतं. व्हॉट्सॲपवर मैत्रिणीला काय लिहिलं, ते मात्र दिसत नाही. आणि आईबाबांना काय काय दिसतं, हे मुलालाही स्वतःच्या फोनवर वाचता येतं. इन्स्टाग्रामच्या टीन अकाउंटवर देखरेख सुरू केली, की गेल्या सात दिवसांत मुलाने कुणाकुणाशी चॅट केलं ते दिसतं, पण मजकूर नाही.

दुसरा प्रकार लपून बसणाऱ्या ॲपचा. त्याचं आयकॉनही दिसत नाही. असलं ॲप बहुतेक वेळा प्ले स्टोअरबाहेरून, कुठल्यातरी वेबसाइटवरून घ्यावं लागतं. त्यासाठी आधी प्ले प्रोटेक्ट, म्हणजे फोनचा पहारेकरीच, बंद करायला सांगतात. मग ॲक्सेसिबिलिटी नावाची परवानगी मागतात. ही सोय मुळात दृष्टिहीनांसारख्यांसाठी, फोनने स्क्रीनवरचा मजकूर वाचून दाखवावा म्हणून. ती दिली, की त्या ॲपला स्क्रीनवरचं जवळजवळ सगळं दिसतं, टाइप करत असलेलं अक्षरसुद्धा. बँक खाती रिकामी करणारी बनावट ॲप्सही हीच परवानगी मागतात, हे लक्षात घ्या.

आणि ही सगळी माहिती जाते कुठे? त्या कंपनीच्या सर्व्हरवर. २०१८ च्या मे महिन्यात टीनसेफ या अमेरिकी ॲपचे सर्व्हर इंटरनेटवर पासवर्डशिवाय उघडे सापडले. त्यात पालकांचे ईमेल होते, मुलांच्या ॲपल खात्यांचे आयडी होते आणि त्यांचे पासवर्डही, कुठलंही कुलूप नसलेले, साध्या अक्षरांत. वर हे ॲप चालावं म्हणून मुलांच्या खात्याची दुहेरी पडताळणी, म्हणजे पासवर्डनंतर वेगळा कोड विचारण्याची सोय, बंद ठेवायला लागायची! म्हणजे ज्या अनोळखी माणसाच्या भीतीने पालकांनी पैसे मोजले, त्याच्यासाठी दार सताड उघडं. त्याच वर्षी फॅमिली ऑर्बिट या दुसऱ्या ॲपकडून मुलांच्या फोटोंचा प्रचंड साठा उघडा पडला. लपून बसणारी ॲप्स तर बायकोच्या फोनवरही गुपचूप चढवली जातात, त्यावर मी वेगळं काय बोलू?

मुलांना काय वाटतं? अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१८ मध्ये प्ले स्टोअरवर मुलांनी स्वतः लिहिलेले पॅरेंटल कंट्रोल ॲप्सचे ७३६ अभिप्राय तपासले. ७९ टक्के मुलांनी दोन किंवा त्याहून कमी तारे दिले होते. पोरांना बंधन कधी आवडलंय, असं तुम्ही म्हणाल. खरंय. पण मुलांची मुख्य तक्रार अशी, की हे फार आत घुसतं आणि आईबाबांशी असलेलं नातं बिघडवतं. ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही.

मुलांच्या खाजगीपणाचा हक्क संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेच्या सोळाव्या कलमात आहे, आणि भारताने ती १९९२ मध्ये स्वीकारली. आपल्या २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यातही, काही अपवाद सोडले तर, अठराखालच्या मुलांवर पाळत ठेवायला कंपन्यांना मनाई केली आहे. आईबाबांना कुठला कायदा अडवायला येणार नाही. तिथे आपलं तारतम्य.

माझं मत सांगते. आठ-नऊ वर्षांच्या मुलाचा फोन आईने बघावा, त्यात काही गैर नाही. तेराव्या-चौदाव्या वर्षी वेळेवर, नव्या ॲपवर, रात्रीच्या वापरावर बंधन असू द्या, पण मेसेज वाचू नका. अकरावीतल्या मुलाकडे लोकेशन मागायचं, तर त्यानेही आपलं बघावं, की बाबा कुठे अडकलेत! खरंच धोका दिसला, म्हणजे कुणी मोठा माणूस रात्री-अपरात्री मेसेज करतोय, फोटो मागतोय, तर जास्त खोलात जायला हरकत नाही. फक्त मुलीला समोर बसवून, “मी आता हे बघणार आहे,” असं सांगून.

ती स्वतःहून आली, “आई, एकजण माझे फोटो पसरवीन म्हणतोय,” असं म्हणाली, तर पहिल्याच वाक्याला फोन काढून घेऊ नका. त्याला पैसे पाठवू नका, नवे फोटोही नाहीत. चॅट डिलीट करू नका. त्याचं प्रोफाइल, नंबर, तारखा दिसतील असे चॅटचे स्क्रीनशॉट काढून ठेवा, पण तिचे ते फोटो कुणालाही पुढे पाठवू नका, नातेवाइकांना तर नाहीच. सायबर गुन्ह्यांसाठी हेल्पलाइन आहे १९३०, एक नऊ तीन शून्य. मुलांसाठीची आहे १०९८, दहा नऊ आठ. आणि फोन लावताना तिला शेजारी बसू द्या; काय घडलं ते तिला तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे.