जोडीतले दोन शब्द एकाच दिवशी नकोत

नमस्कार श्रोतेहो. महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली. तरी आज सातवी-आठवीच्या वह्या तपासायला घ्या, मुलं एकमेकांत गोंधळ होणाऱ्या इंग्रजी शब्दांच्या त्याच त्या जोड्यांपाशी अडखळलेली दिसतात. शिक्षकांना आणि घरी अभ्यास घेणाऱ्या आई-बाबांना माझं कळकळीचं सांगणं आहे: अशा जोडीतले दोन्ही शब्द एकाच दिवशी शिकवू नका.

आपण काय करतो? फळ्यावर मधोमध रेघ मारतो, इकडे एक शब्द, तिकडे दुसरा, आणि फरक समजावतो. मुलाला तो तेव्हा कळतोही. पण दोघं एकत्र डोक्यात शिरले की आठवतानाही एकत्रच येतात, आणि कोणता कुठला तेवढंच निसटतं. शब्दसंग्रहाचे न्यूझीलंडमधले अभ्यासक पॉल नेशन हेच बजावतात. आधी एक पक्का होऊ द्या, मग दुसरा आणा.

‘बॉरो’ आणि ‘लेंड’ घ्या. मराठीत आपण उसनं घेतो आणि उसनं देतो. ‘उसनं’ जागच्या जागी राहतं. इंग्रजीत अख्खा शब्दच बदलतो. म्हणून मूल सहज बोलून जातं, ‘बॉरो मी युवर पेन’. तेव्हा काही दिवस फक्त ‘बॉरो’. शेजारच्याकडे मागायचं, ‘कॅन आय बॉरो युवर स्केल?’ आणि पट्टी खरोखर हातात आली पाहिजे. हे तोंडात बसलं की पंधरा दिवसांनी ‘लेंड’: ‘कॅन यू लेंड मी युवर स्केल?’ मागणारा तोच, पट्टी तीच. फक्त ‘आय’च्या जागी ‘यू’ आला, आणि ‘लेंड’च्या पुढे ‘मी’. मुलं हे चटकन पकडतात.

काही जोड्या कानाने सुटतात. हरवणं या अर्थाच्या ‘लूज’मध्ये ओ एकच, आणि शेवटी जरीतला ज. सैल या अर्थी दोन ओ, आणि उच्चार ‘लूस’, शेवटी स्वच्छ स. आपण ‘पँट लूज झाली’ म्हणतो ना, गोंधळ तिथूनच सुरू होतो. हाच कान पुढे सल्ल्यालाही कामी येतो: नाम असेल तर ‘ॲडव्हाइस’, क्रियापद असेल तर ‘ॲडव्हाइज’.

वह्या-पेनांची ‘स्टेशनरी’ आणि जागचं न हलणारं या अर्थाचा ‘स्टेशनरी’, यांचे उच्चार मात्र सारखेच. तिथे गोष्ट सांगावी. मध्ययुगीन युरोपात पुष्कळ विक्रेते गावोगाव हिंडत. एका जागी दुकान मांडून पुस्तकं विकणारा तो स्टेशनर. ‘बेकर’सारखाच हा शब्दही ई-आरने संपतो, म्हणून वह्या-पेनांच्या स्टेशनरीत ई येतो. जागच्या जागी उभ्या असलेल्या गाडीसाठी तोच शब्द ए घालून लिहायचा.

परीक्षेत ‘योग्य शब्द निवडा’ म्हणून दोन्ही शेजारी येणारच. तो सराव सगळ्यात शेवटी ठेवा. आणि उत्तर चुकलं तर लगेच बरोबर शब्द सांगू नका. मुलाला ते अख्खं वाक्य मोठ्याने म्हणायला लावा.