हप्ता चुकलेल्या दारात

(वडगाव, बेळगाव येथे महिलांच्या मेळाव्यात झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

भगिनींनो, मी वकील नाही. मी वसुलीवाला. एका पतसंस्थेत वसुली खात्यात नोकरी करून निवृत्त झालो, त्यामुळे दाराबाहेर उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्यात काय चाललेलं असतं ते मला ठाऊक आहे. आज तेवढंच सांगणार आहे.

आमच्या कामात लेखी कमी आणि तोंडी जास्त. नव्या पोराला जुना माणूस शिकवायचा : गाडी थकबाकीदाराच्या दारात लावू नकोस, गल्लीच्या तोंडाला लाव. मग तिथून चार जणांना घर विचारत जा. घर ठाऊक असायचंच हो! पण किराणा दुकानदाराला विचारलं, कट्ट्यावरच्या म्हाताऱ्याला विचारलं, की आपण पोचायच्या आधी बातमी पोचते. गणपतीत पाहुणे पंगतीला बसलेले असताना जायचं, मुलीला बघायला येणार असतील त्या सकाळी जायचं. शिवी कशाला द्यावी लागते? नुसतं दारात उभं राहून ‘साहेबांनी पाठवलंय’ एवढं मोठ्यानं म्हटलं की पुरे. घरातला माणूस हात जोडून आत बोलवायचा आणि दागिना मोडून का होईना, पैसे आणून द्यायचा. त्याच्याकडे पैसे होते असं नाही. लाज होती, आणि आम्ही तीच वसूल करत होतो.

आता तुमच्या संघाच्या, म्हणजे बायकांच्या गटाला मिळणाऱ्या, कर्जाकडे येऊ. वडगाव, खासबाग, शहापुरात मागावरची घरं, निपाणीकडे विडी वळणाऱ्या बायका, खानापूर तालुक्यात रोजगाराला जाणाऱ्या. या कर्जाला तारण नसतं. मग कंपनी कशाच्या भरवशावर देते? शेजारणीच्या. ठरलेल्या वारी एखाद्या घराच्या सोप्यात सगळ्याजणी जमतात. कंपनीचा वसुलीचा पोरगा येतो, बॅग उघडतो, मोबाइलवर नावं बघतो. एकीचा हप्ता आलेला नाही. तो काय करतो? काहीच करत नाही. बसून राहतो. ‘मावशी, सगळ्यांचे आल्याशिवाय मी पावती करणार नाही.’ कुणाची भाकरी चुलीवर, कुणाचं पोर शाळेतून यायचं, कुणाला मागावर जायचंय. अर्ध्या तासानं या बायकाच उठतात आणि तिच्या दारात जाऊन उभ्या राहतात. ‘तुझ्यामुळं आम्ही अडकून पडलोय, कुठनं तरी आण की!’ मी माझ्या आयुष्यात जेवढं ओरडलो नसेन तेवढं तिथं ओरडलं जातं, आणि त्यात कंपनीचा माणूस कुठंच नसतो. तक्रार कुणाची करायची? सख्ख्या शेजारणीची? माझ्या मते ही आमच्यापेक्षा हुशार वसुली आहे. त्या पोरावर राग धरू नका, त्यालाही संध्याकाळी वरून फोन येतो. पण त्याला नियम विचारा.

नियम आहेत. रिझर्व्ह बँकेनं मार्च 2022 मध्ये मायक्रोफायनान्ससाठी ते घालून दिले आणि 1 एप्रिलपासून लागू केले. वर्षाचं उत्पन्न 3 लाखांपर्यंत असलेल्या घराला दिलेलं बिनतारण कर्ज म्हणजे मायक्रोफायनान्स. सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून घरच्या महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत. वसुली दोघांनी मिळून ठरवलेल्या जागी. ठरलेल्या जागी लागोपाठ दोनदा तुम्ही आला नाहीत, तरच त्यानं घरी किंवा कामावर यायचं. सकाळी 9 च्या आधी आणि संध्याकाळी 6 नंतर फोन नाही. शिवीगाळ, धमकी, नातेवाइकांना आणि सोबत काम करणाऱ्यांना त्रास देणं, थकबाकीदारांची नावं जाहीर करणं, हे सगळं बंद. मी सांगितलेली गल्लीच्या तोंडाची युक्ती आज कुणी केली तर ती यातच बसते.

आणखी एक, आपल्या भागात फार महत्त्वाचं. कर्जाचा करार आणि कर्जाचं कार्ड कर्जदाराला समजेल अशा भाषेत द्यावं, असंही त्यात आहे. सीमाभागात भाषेवरून आपण 1956 पासून भांडतोय, दुकानाच्या पाटीवरून डोकी फुटतात. आणि ज्या कागदावर आपला संसार गहाण पडतो तिथं ‘इथं सही करा’ म्हटलं की करतो! मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकलेल्या बाईच्या हातात कन्नड नाहीतर इंग्रजी कार्ड. व्याज किती, हप्ते किती, विम्याचे किती कापले, काही कळत नाही. मराठीत मागा. मागायला लाजू नका.

आता वसुलीच्या छळाविरुद्ध कर्नाटक सरकारनं केलेल्या कायद्याचं. 2025 च्या जानेवारीत राज्यभरातून वसुलीच्या छळाच्या आणि आत्महत्यांच्या बातम्या आल्या, त्यात आपला जिल्हाही होता. सरकारनं अध्यादेश काढला. राज्यपालांनी तो आधी परत पाठवला, 3 लाखांच्या कर्जाला 10 वर्षांची कैद आणि 5 लाखांचा दंड जास्त होतो, असं त्यांचं म्हणणं. मग 12 फेब्रुवारीला सही झाली. लगेच गावोगाव बोंब उठली की संघाची कर्जं माफ झाली. झाली नाहीत. परवाना-नोंदणी नसलेल्यांनी गरिबांना दिलेल्या कर्जापुरतीच ती माफी आहे. रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या कंपन्या त्यात येत नाहीत, त्यांना वर सांगितलेले नियम. म्हणून आधी कार्डावर कंपनीचं नाव बघा. माफीच्या भरवशावर हप्ते थांबवलेल्या बायका मी पाहिल्यात. त्यांचं व्याज चढलं आणि पुढचं कर्जही अडलं.

‘जेलात घालीन’ म्हणतात ना? कर्ज फिटलं नाही म्हणून पोलीस धरून नेत नाहीत. ते दिवाणी प्रकरण. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी बाईला अटक करताच येत नाही, दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम 56 तसं सांगतं. आणि ज्याच्याकडे खरोखर काही नाही अशा प्रामाणिक कर्जदाराला तुरुंगात टाकणं घटनेविरुद्ध आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं 1980 सालीच सांगून ठेवलंय. कोर्टाचा हुकूम झाला तरी अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण, कारागिराची अवजारं जप्त होत नाहीत. मंगळसूत्रही नाही. कलम 60. घर किंवा सोनं तारण ठेवलं असेल तर मात्र गोष्ट वेगळी, तिथं गाफील राहू नका.

तक्रार करायची तर आधी कंपनीला, लेखी, पोच घेऊन. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. 14448 ला फोन करून माहिती मिळते, फी काही नाही. मारहाण किंवा धमकी असेल तर 30 दिवस कशाला, थेट पोलीस ठाणं.

मघाशी मागून एका ताईंनी विचारलं, ‘ती पळून गेली तर तिचा हप्ता आम्ही का भरायचा?’ तुम्ही जामिनावर काय सही केली आहे त्यावर ते अवलंबून आहे, न वाचता मी काही बोलणार नाही. पण एक नक्की : जामीन असला तरी तो पैशाचा. दोन-दोन तास बसवून ठेवायला किंवा तिच्या दारात पाठवायला तुम्ही कंपनीच्या नोकर नाही आहात. आपला हप्ता भरा, पावती मागा, उठा. कार्ड आणलेल्यांनी उजवीकडच्या टेबलाकडे जा. तिथं कन्नड वाचणाऱ्या दोन मुली बसल्या आहेत, त्या मराठीत सांगतील.