पाटी न वाचता ओळखू आला पाहिजे

नमस्कार श्रोतेहो.

पोळा तोंडावर आलाय आणि माझ्या घरात पाय ठेवायला जागा नाही. ओसरीत बांबूच्या कामट्या, जिन्याखाली तणसाचे भारे, मोरीत दोन टोपली भिजलेली रद्दी. गेली एकतीस वर्षं मी बडगे, म्हणजे मिरवून जाळायचे पुतळे, बनवतो.

नागपूरबाहेर कुणी ऐकत असेल तर सांगतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, आमच्याकडे मारबत निघते, म्हणजे बाईच्या रूपातल्या मोठ्या पुतळ्याची मिरवणूक. जागनाथ बुधवारीतली पिवळी मारबत १८८५ पासूनची, काळी तिच्याही आधीची. पिवळीपुढे बायका हात जोडतात. काळीची गोष्ट कुणी नागपूरच्या राजघराण्यातल्या बाकाबाई भोसलेंशी जोडतं, कुणी पूतनेशी. या दोघींचं रूप ठरलेलं असतं. बडग्याचं मात्र दर वर्षी नवं. त्या साली लोकांच्या डोक्याला ज्याचा ताप, त्याचा बडग्या. कधी महागाई, कधी डेंग्यू, कधी लाच खाणारा बाबू. मिरवायचा, शिव्या घालायच्या आणि संध्याकाळी पेटवून द्यायचा. ‘इडा पिडा, रोगराई घेऊन जा गे मारबत!’

माझा पहिला बडग्या महागाईचा होता. मी तेव्हा विशीतला, हात नुकता बसलेला. शिंगं, सुळे, लाल जीभ, सगळं यथासांग केलं आणि गळ्यात ‘महागाई’ अशी पाटी अडकवली. समोरच्या घरच्या मावशी धुणं वाळत घालता घालता थांबल्या. म्हणाल्या, “हा कोन हाय रे?” मी पाटीकडे बोट दाखवलं. त्या म्हणाल्या, “मले कुठं वाचता येते? आन महागाईले शिंगं असतात का? ते तर चांगली इस्त्रीचे कपडे घालून येते.”

रात्रभर मी तो सोलत बसलो. शिंगं उपटली, पोट वाढवलं, अंगात पांढरा सदरा घातला, हातात तराजू दिला. तराजूचं एक पारडं मुद्दाम खाली बांधलं. सकाळी मावशी आल्या, बडग्याकडे पाहिलं आणि एक कचकचीत शिवी हासडली. पाटी मी काढून टाकली. तेव्हापासून एकाही बडग्याला लावलेली नाही.

त्यानंतर विषय मी ठरवत नाही. पोळ्याच्या महिनाभर आधी चहाच्या टपरीवर बसतो आणि नुसतं ऐकतो. रिक्षावाले, भाजीवाल्या, कॉलेजची पोट्टी. ज्या गोष्टीवर सगळे एकाच वेळी बोलायला लागतात, ती धरायची. कारागिरी माझी, राग त्यांचा.

कारागिरीचंही थोडं सांगतो. सांगाडा कामट्यांचा, गाठी सुतळीच्या. खिळा शक्यतो नाही, कारण जळल्यावर तो रस्त्यात राहतो आणि कुणाच्या तरी पायात जातो. वर तणीस, त्यावर मैद्याच्या खळीत बुडवलेले कागदाचे थर. खळीत चिमूटभर मोरचूद, नाहीतर झुरळं रात्रीत नाक खाऊन टाकतात. हसू नका, एका वर्षी खाल्लं होतं. भाद्रपद उजाडत असतो, त्यामुळे पावसाची धास्ती वेगळीच. शिवाय तिसऱ्या-चौथ्या दिवशी गणपती. चितार ओळीतल्या मूर्तिकारांना तेव्हा मान वर करायला फुरसत नसते, म्हणजे ब्रश मागायलाही जाता येत नाही.

मधे काही वर्षं भिंतीही रंगवल्या. एका भिंतीवर मला ठरवून दिलेलं चित्र काढायचं होतं. झाडं, पक्षी, हसरी मुलं. पैसे बरे मिळाले. आठ दिवसांत खालचा हातभर भाग पानाच्या पिचकाऱ्यांनी लाल झाला. मला वाईट वाटलं, पण खरं सांगू, त्या गल्लीतल्या कुणालाही मी विचारलं नव्हतं की इथे काय हवंय.

२०२० साली मिरवणूक निघाली नाही. सगळ्यात मोठी पिडा घालवायची होती, आणि तिच्यापायीच रस्ता बंद. मी घरातच हातभर उंचीचा कोरोना केला, गच्चीवर पेटवला. आजूबाजूच्या गच्च्यांवरून लोक ओरडले, ‘घेऊन जा गे मारबत!’ मावशींचा आवाज सगळ्यात वर.

लोक विचारतात, एवढं करून जाळता, जीव तुटत नाही का? तुटतो. चेहरा पेटतो तेव्हा मी पाठ फिरवून उभा राहतो.

यंदाचा विषय सांगणार नाही. त्या दिवशी रस्त्यावर या आणि ओळखा. मला आता निघायला हवं; खळ चुलीवर ठेवून आलोय, आणि ढवळायला बसवलेल्या नातवाचा भरवसा नाही.

नमस्कार.