बर्मिंगहॅममध्ये जेवायला कोठे जावे?

नमस्कार, श्रोतेहो. लंडनखालोखाल इंग्लंडमधील सर्वांत मोठे शहर म्हणजे बर्मिंगहॅम. तेथे मनासारखे जेवायचे असेल, तर लेडीपूल रोड, स्टोनी लेन आणि स्ट्रॅटफर्ड रोड यांच्या परिसरात, म्हणजेच ‘बाल्टी ट्रँगल’मध्ये जावे. १९७०च्या दशकात तेथील पाकिस्तानी आणि काश्मिरी खानावळवाल्यांनी बाल्टी लोकप्रिय केली. ही बाल्टी म्हणजे न्हाणीघरातील बादली नव्हे, तर पातळ पोलादी पत्र्याची, सपाट बुडाची, दोन कानांची कढई. मोठ्या आचेवर, तुपाऐवजी तेलात, बिनहाडाचे मटण किंवा चिकन तीत झटपट परतले जाते आणि तीच कढई पानात येते. पुन्हा सांगतो, तीच कढई.

याचे महत्त्व मला माझ्या आतेबहिणीने शिकवले. ती कित्येक वर्षे त्या शहरात राहते. एका पावसाळी संध्याकाळी आम्ही एका झगमगीत हॉटेलात शिरलो, तेव्हा तिने शेजारच्या टेबलावरची तांब्याची लखलखीत भांडी पाहिली आणि ती म्हणाली, “दादा, ऊठ. हे पातेल्यातून ओतून आणलंय.” भर पावसात ती मला चार दुकाने पुढे, एका साध्या खानावळीत घेऊन गेली. तेथे आमच्यासमोर जी कढई आली, ती बाहेरून काळी पडलेली होती, एका कानाशी चेपलेली होती आणि तिच्या कडेला रस्सा अजून खदखदत होता. “ज्यात शिजलं, त्यातच आलं,” बहीण समाधानाने म्हणाली. सोबत टेबलभर पसरलेला एकच नान होता. तो आम्ही दोन्ही बाजूंनी तोडत गेलो आणि कढईच्या कडेला धरलेला खरपूस मसाला पुसून खाल्ला, त्याची मेथीची चव आजही माझ्या जिभेवर आहे. मुलांनाही असेच हाताने जेवू द्यावे; चमच्याची घाई कशाला करायची?

लेडीपूल रोडवरील ‘शबाब्ज’ बाल्टीसाठी प्रसिद्ध आहे. पदरचे बरेच पैसे खर्चायची तयारी असेल, तर शहराच्या मध्यभागी शेफ अख्तर इस्लाम यांचे ‘ओफीम’ आहे, ज्याला २०२४ मध्ये दुसरा मिशेलिन तारा, म्हणजे उत्कृष्ट उपाहारगृहांना दिला जाणारा मानाचा तारा, मिळाला. मी मात्र पुढच्या खेपेलाही बहिणीबरोबर त्या चेपलेल्या कढईकडेच जाणार आहे.